लहान वाक्यांनीही वाचक का दमतो?

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पशुवैद्यक आहात आणि दूध उत्पादकांसाठी लेख लिहिता. माहिती पक्की असते, शब्दही तुम्ही सोपे निवडता, तरी वाचणारे म्हणतात की वाचताना दमायला होतं. कोणीतरी सल्ला दिला, वाक्यं लहान करा. तुम्ही केली. आता तेच लोक म्हणतात की लेख दवाखान्याच्या भिंतीवर लावलेल्या सूचनेसारखा वाटतो. म्हणून तुम्ही विचारलंय, वाक्य नेमकं किती शब्दांचं असावं आणि परिच्छेद किती ओळींचा?

मी २४ वर्षं शेती, आरोग्य आणि विज्ञान या विषयांवरच्या लेखांचं संपादन करते आहे. त्याआधी तीन वर्षं रेडिओसाठी संहिता लिहिल्या. शब्दांचा आकडा मी कुणालाच देत नाही, कारण मराठीत शब्द मोजणंच फसवं आहे. ‘शेतकऱ्यांनासुद्धा’ हा मोजायला एक शब्द. ‘रोगप्रतिकारशक्तीअभावी’ हाही एकच. आणि ‘पण वार पडली तर’ (वार म्हणजे गाय व्याल्यानंतर पडणारी जार) हे चार शब्द. इंग्रजीत ‘ला’, ‘त’, ‘हून’ यांच्या जागी वेगळे शब्द येतात, आपल्याकडे ते प्रत्यय होऊन शब्दाला चिकटतात. त्यामुळे इंग्रजी लेखनाच्या वर्गांत सांगतात ते पंधरा-वीस शब्दांचे नियम मराठीत आणले की मापच चुकतं.

मग मोजायचं काय? माझं उत्तर असं, की वाचकाला किती ओझं किती वेळ हातात धरून ठेवावं लागतं आणि ते खाली ठेवायला जागा कुठे मिळते, ते बघायचं. मराठीत ती जागा बहुतेक वेळा क्रियापदाची असते. आपलं क्रियापद शेवटी येतं. कोणी, कोणाला, कधी, कशानं, का, हे सगळं आधी येऊन उभं राहतं आणि काय केलं ते सगळ्यांत शेवटी कळतं. तोवर वाचक सगळं सांभाळत असतो. क्रियापद आलं की तो श्वास सोडतो. मी याला विसावा म्हणते.

तुम्ही लेखातला एक उतारा पाठवलात ते बरं केलंत. तुमचं मूळ वाक्य हे:

‘गाय व्याल्यानंतर वासराच्या शरीरात जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्ये नसल्यामुळे आणि ती द्रव्ये त्याला केवळ मातेच्या चिकामधूनच प्राप्त होत असल्यामुळे, तसेच आतड्यांची ही द्रव्ये शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर झपाट्याने कमी होत जाऊन साधारण २४ तासांत जवळजवळ संपुष्टात येत असल्यामुळे, वार पडण्याची वाट न पाहता, वासराला जन्मानंतर पहिल्या एक ते दोन तासांच्या आत पुरेशा प्रमाणात चीक पाजणे अत्यंत आवश्यक आहे.’

यात ५७ शब्द आहेत. पण मला खटकतं ते हे, की शेतकऱ्यानं करायची एकमेव गोष्ट, ‘पाजणे’, ५४ व्या शब्दावर येते. त्याआधी तीन वेळा ‘असल्यामुळे’ किंवा ‘नसल्यामुळे’ येतं. प्रत्येक ‘मुळे’ वाचकाला सांगतो, हे कारण धरून ठेव, कशाचं ते नंतर सांगतो. तीन कारणं हातात, आणि कशाची ते माहीत नाही. दिवसभर गोठ्यात राबून रात्री फोनवर तुमचा लेख उघडणारा माणूस इथे दमतो. त्याला माहिती जड जात नाही, ती वाहून नेण्याची रीत जड जाते.

सल्ला ऐकून तुम्ही त्याचं असं केलंत:

‘वासराला चीक पाजणे आवश्यक आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. ही द्रव्ये वासराच्या शरीरात जन्मतः नसतात. आतड्यांची शोषणक्षमता झपाट्याने कमी होते. ती २४ तासांत संपते. वार पडण्याची वाट पाहू नये. पहिल्या दोन तासांत चीक पाजावा.’

आता शब्द मोजून बघा: पाच, चार, सहा, पाच, चार, पाच, पाच. एकाच ठोक्याची घंटा. पण त्याहून मोठं नुकसान दुसरं आहे. या सात वाक्यांत ‘म्हणून’ एकदाही नाही, ‘पण’ नाही, ‘कारण’ नाही. मूळ वाक्य अवजड होतं, तरी त्यात कारण आणि कृती यांची गाठ बांधलेली होती. तुम्ही वाक्य तोडलंत तेव्हा ती गाठही सुटली. वार पडण्याची वाट का पाहू नये, हे आता वाचकानं स्वतः जुळवायचं. वाक्य छोटं झालं आणि वाचकाचं काम वाढलं. सूचनाफलकासारखं वाटतं ते यामुळे.

मी तोच मजकूर असा लिहून पाहिला. माहिती सगळी तुमच्याच लेखातली, शेवटचा लिटरचा आकडासुद्धा.

‘गाय रात्री व्याली, तर अजूनही अनेक गोठ्यांत वासराला सकाळपर्यंत थांबवतात. वार पडली की मग चीक पाजू, असा जुना रिवाज. पण वासराकडे तेवढा वेळ नसतो. आजारांशी लढणारी द्रव्यं ते जन्मतः घेऊन येत नाही, ती त्याला आईच्या चिकातून मिळतात, आणि ती रक्तात शोषून घेण्याची आतड्यांची ताकद जन्मल्या क्षणापासून कमी होऊ लागते. दिवसभरात ती जवळजवळ संपते. म्हणून वार पडो न पडो, वासरू पुसून कोरडं केलं की पहिल्या तास-दोन तासांत त्याला चीक पाजा. तीस किलोच्या वासराला पहिल्या २४ तासांत, दोन-तीन वेळा मिळून, तीन लिटर तरी.’

यातलं ‘आजारांशी लढणारी’ हे वाक्य २५ शब्दांचं आहे. लहान नाही. पण त्यात तीन विसावे आहेत: ‘येत नाही’, ‘मिळतात’, ‘लागते’. वाचक ओझं तीनदा खाली ठेवतो. त्याच्या आधीचं वाक्य पाच शब्दांचं, नंतरचं चार शब्दांचं. मी हे मोजून केलेलं नाही, लिहून झाल्यावर मोजलं. ‘पण वासराकडे तेवढा वेळ नसतो’ हे वाक्य छोटं आहे, कारण परिच्छेद तिथे वळतो. कारणमीमांसेचं वाक्य लांब आहे, कारण तिथे तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत आणि त्या तोडल्या तर अर्थच तुटतो. अर्थ जिथे वळतो तिथे आखूड, अर्थ जिथे साखळीसारखा चालतो तिथे लांब. एवढं सांभाळलं की लय बरीचशी आपोआप येते.

हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. मी कामाला लागले तेव्हा बरेच लेखक हातानं लिहून पाठवत, आणि आमच्याकडे अक्षरजुळणी करणाऱ्या एक ताई होत्या. त्या कागदाकडे एकदा बघायच्या, काही शब्द डोक्यात घ्यायच्या आणि नजर पडद्यावर ठेवून ते टाइप करायच्या. मग पुन्हा कागद. मी शेजारी प्रुफं तपासत बसलेली असायचे. काही लेखकांच्या कागदाकडे त्या एका ओळीत एकदाच बघायच्या. काहींच्या कागदाकडे चार-पाच वेळा, आणि तरीही मधला एखादा शब्द राहून जायचा. ‘यांचं वाक्य हातात येत नाही,’ असं त्या म्हणायच्या. सुटलेले शब्द प्रुफात शोधता शोधता माझ्या लक्षात आलं, की ते बहुतेक वेळा वाक्याच्या पोटात असायचे, क्रियापद अजून लांब असताना. आणि ताईंच्या हातात येणारं वाक्य दरवेळी लहान नसायचं. चांगलं तीन ओळींचंही असायचं, पण ते अशा तुकड्यांत चालायचं की एकेक तुकडा एका नजरेत उचलता यावा. आजही लेख हातात घेतला की मला त्यांची मान वर-खाली होताना दिसते.

रेडिओनं दुसरी गोष्ट शिकवली. तिथे वाक्य चुकीचं असेल तर निवेदकाचा श्वास पुरत नाही. आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी संहिता उभं राहून, मोठ्यानं वाचायला लावायचे. जिथे मी अडखळेन तिथे ते पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचे, बोलायचे काहीच नाहीत. घरी जाऊन बघितलं की त्या रेघेच्या आसपास हमखास दोनच प्रकार सापडायचे: ‘च्या’ची माळ, नाहीतर नाम बनवलेलं क्रियापद.

‘च्या’ची माळ म्हणजे ‘तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या लसीकरणाच्या मोहिमेच्या वेळापत्रकाच्या माहितीसाठी’. इथे वाचक एकेक पायरी उतरत राहतो, तळ लागत नाही. ‘लस कधी टोचणार, ते तालुक्याच्या दवाखान्यात विचारा’ एवढं पुरतं. दोन ‘च्या’ एका दमात चालतात. तिसरा आला की मी थांबून वाक्य फिरवते.

नाम बनवलेलं क्रियापद तुमच्या लेखात फार आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. ‘ताप येणे, भूक मंदावणे, रवंथ बंद होणे, दूध घटणे ही या आजाराची प्रमुख लक्षणे आहेत.’ चार जिवंत क्रियापदं होती. तुम्ही चौघांना ‘णे’ लावून नामं केलीत, आणि वाक्य चालवण्याचं काम एकट्या ‘आहेत’वर टाकलंत. ‘जनावराला ताप येतो, भूक मंदावते, रवंथ थांबतो आणि दूध घटतं.’ आता चार विसावे झाले आणि आजार डोळ्यांसमोर घडतो. हीच गोष्ट ‘पाजणे आवश्यक आहे’, ‘लस देण्यात यावी’, ‘काळजी घेण्याची गरज आहे’ यांची. ही कार्यालयीन भाषा आहे, आणि कार्यालयात तिला कारण असतं: कोणी करायचं ते तिथे मोघम ठेवायचं असतं. तुम्हाला ते मोघम ठेवायचं नाही. गोठ्यात उभ्या असलेल्या माणसानं करायचं आहे. ‘पाजा’, ‘टोचून घ्या’, ‘बघा’ म्हणा. वाचकाचा मान त्यानं कमी होत नाही.

याच्याच शेजारची खोड म्हणजे ‘आहे’चा गजर. तुमच्या लेखाचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचा: आठांपैकी सहा वाक्यं ‘आहे’, ‘आहेत’ किंवा ‘असते’वर संपतात. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे आपल्या भाषेत वाक्यांचे शेवट सारखे होण्याचा धोका कायमचाच. कानाला ते यमकासारखं ऐकू येतं, आणि नको तिथे आलेलं यमक गुंगी आणतं. उपाय आपल्या बोलण्यातच आहेत. कधी ‘आहे’ नुसतं गाळता येतं: ‘असा जुना रिवाज.’ कधी प्रश्न विचारता येतो: ‘चीक किती पाजायचा?’ कधी खरं क्रियापद शोधता येतं: ‘कासेला सूज असते’ऐवजी ‘कास सुजते’. आणि कधी एखादा शब्द क्रियापदाच्या पुढे टाकता येतो, जसं आपण बोलताना सहज टाकतो: ‘पाजा त्याला चीक, वार पडो न पडो.’ हा शेवटचा प्रकार जपून वापरा. लेखात एक-दोनदा आला तर आवाज ऐकू येतो, दर परिच्छेदात आला तर तो लकब वाटतो.

लांब वाक्याची भीती बाळगू नका. मराठीला लांब वाक्य पेलण्याच्या स्वतःच्या रीती आहेत आणि त्या जुन्या आहेत. मोडी लिपीतली पत्रं हात न उचलता सलग लिहिली जात. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, विरामचिन्हंही नव्हती. आज आपण वापरतो ती चिन्हं मराठीत रुजली एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनं. १८५० च्या सुमारास त्यांनी त्यांची परिभाषा मांडली. त्याआधी विसाव्याचं काम शब्दच करायचे. ‘मग’, ‘तेव्हा’, ‘ऐसे’, आणि ‘ऊन’ प्रत्ययाची क्रियापदं. ‘येऊन, भेटून, हकिकत सांगून निघाला’ यातला प्रत्येक ‘ऊन’ म्हणजे अर्धा विसावा.

हा ‘ऊन’ आजही कामाचा आहे, पण त्याची एक अट आहे. करणारा एकच हवा आणि क्रिया घडल्या त्याच क्रमानं यायला हव्यात. ‘हात धुऊन, सड कोमट पाण्यानं पुसून, पहिल्या चार धारा वेगळ्या भांड्यात काढून मग दूध काढा.’ वाक्य लांब आहे, तरी कोणी दमणार नाही, कारण वाचक तुमच्याबरोबर पावलं टाकतो. उलट तुमच्या दुसऱ्या लेखात होतं: ‘पाऊस पडून गोठ्यात ओल वाढून माश्या होऊन जनावरे आजारी पडून दूध कमी होते.’ इथे पाऊस वेगळा, ओल वेगळी, माश्या वेगळ्या, जनावरं वेगळी. दर ‘ऊन’ला करणारा बदलतो, आणि अर्धा विसावा मिळायच्या जागी धक्का बसतो. तिथे पुरी क्रियापदं द्या: ‘पाऊस पडला की गोठ्यात ओल वाढते, ओलीवर माश्या होतात, आणि मग जनावरं आजारी पडतात आणि दूध घटतं.’

दुसरी रीत ‘जो-तो’ची. ‘जी गाय पहिल्यांदा व्याली, तिच्याजवळ पहिला तासभर थांबा.’ वाक्याचे दोन पाय आहेत, पहिला पडला की कान दुसऱ्याची वाट बघतो. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही म्हण लक्षात राहते ती या दोन पायांमुळे. पण अलीकडे मी वाचते, ‘ती गाय, जी पहिल्यांदा व्याली आहे, तिच्याजवळ थांबा.’ ही इंग्रजीची मोड आहे. मधे घुसवलेलं वाक्य मराठी कानाला काट्यासारखं लागतं, आणि लेखकाला ते दिसत नाही कारण व्याकरणाची चूक नसते.

चालीबद्दल सांगायचं तर मला अभंगाची आठवण येते. मोठ्या अभंगाच्या चौकात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे असतात आणि चौथा चारच अक्षरांचा. तीन सारखी पावलं टाकल्यावर चौथं आखूड पडतं, आणि त्या आखूडपणात थांबायला जागा मिळते. टाळ-मृदंगाबरोबर शेकडो वर्षं चाललेला हा हिशेब आपल्या कानात आहे, शाळेत न गेलेल्या माणसाच्याही कानात आहे. ओवीचंही तसंच, साडेतीन चरणांची, शेवटचा अर्धा. गद्यात अक्षरं मोजायची नाहीत, तसं केलं तर गद्य नाचायला लागेल. पण सारख्या चालीची दोन-तीन वाक्यं झाली की एक आखूड वाक्य हवंसं वाटतं, ते या कानामुळे. त्याला ते द्या. आणि जिथे वाचकानं खरंच थांबावं असं वाटतं तिथेच द्या, कारण आखूड वाक्याकडे लक्ष जातंच. किरकोळ गोष्टीवर ते खर्च केलं, तर महत्त्वाच्या जागी उरत नाही.

आता परिच्छेद. इथे मी एक मोठी चूक केली होती, ती सांगते. एका शेतीपुरवणीचं काम बघत असताना मांडणी मोकळी दिसावी म्हणून सगळे परिच्छेद दोन-दोन वाक्यांवर तोडायचं ठरलं, आणि मी ते मुकाट केलं. फवारणीवरचा एक लेख होता. ‘हे औषध फुलोऱ्यात फवारू नये’ हे वाक्य आधीच्या औषधाबद्दल होतं, पण तोडल्यामुळे ते पुढच्या औषधाच्या परिच्छेदात गेलं. एका शेतकऱ्यानं पत्र लिहून विचारलं, नेमकं कोणतं औषध फुलोऱ्यात चालत नाही? पत्र वेळेत आलं, आम्ही पुढच्या अंकात खुलासा छापला. ते वाक्य त्या जागी मीच ठेवलं होतं, आणि त्या पत्रानंतर मी नुसतं दिसण्यासाठी परिच्छेद कधीही तोडलेला नाही. परिच्छेदाची सीमा वाचकाला सांगते की मागची गोष्ट मिटली. ती मिटलेली नसेल तर सीमा खोटं बोलते.

मोबाइलचं म्हणाल, तर छापील पानावर सात ओळींचा परिच्छेद फोनवर पंधरा ओळींचा होऊन सगळा पडदा व्यापतो, हे खरं. त्यामुळे आधी लिहायचे त्यापेक्षा लहान परिच्छेद मीही आता लिहिते. पण तोडताना बघते की वेळ बदलते आहे का, जागा बदलते आहे का, करणारा बदलतो आहे का. तुमच्या लेखात चीक, नाळ, वार आणि जंताचं औषध सगळं एकाच परिच्छेदात आहे. गोठ्यातल्या घड्याळाप्रमाणे तोडा: व्याल्यावरचा पहिला तास, मग पहिला दिवस, मग पुढचे आठवडे. पहिल्या तासाच्या परिच्छेदात वाक्यं आपोआप आखूड होतील, कारण तिथे घाई आहे. पुढच्या आठवड्यांबद्दल लिहिताना ती जरा ऐसपैस झाली तर होऊ द्या. लेखाची चाल प्रसंगाच्या चालीला लागली की वाचकाला ती वेगळी जाणवतही नाही.

परिच्छेदात दोन जागा मोक्याच्या, पहिलं वाक्य आणि शेवटचं. तुमचा आकडा, मात्रा, वेळ, जे काही शेतकऱ्यानं लक्षात ठेवायचं ते यांतल्या एका जागी असू द्या. माझ्या मसुद्यात तीन लिटर शेवटी आहेत ते म्हणून. तुमच्या मूळ लेखात ते एका कंसात होते, परिच्छेदाच्या मध्यावर.

हे सगळं कुठे लागू नाही तेही सांगायला हवं. औषधाची मात्रा, सूत्र, लसीकरणाचं वेळापत्रक यांना लय नको, तक्ता हवा. तिथे एकसारखेपणाच सोयीचा असतो, कारण लोक ते वाचत नाहीत, शोधतात. दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना भिंतीवर बरोबरच आहे. तसंच, तुमचा वाचक कोणत्या भागातला यावरही बरंच ठरतं. विदर्भातला आणि कोल्हापूरकडचा माणूस बोलताना वाक्यावर एकाच जागी जोर देत नाही. मी पुण्यात बसून जे ‘सहज’ म्हणते, ते तुमच्या तालुक्यात सहज असेलच असं नाही. तिथला कान तुमचा आहे, तो माझ्यापेक्षा जास्त मानावा. आणि ‘द्रव्ये’ लिहायचं की ‘द्रव्यं’, यात योग्य-अयोग्य काही नाही. पहिलं जरा औपचारिक, दुसरं बोलण्याजवळचं. फक्त एका लेखात एकच ठेवा. तुमच्या लेखात दोन्ही येतात, त्यामुळे आवाज मधेच बदलल्यासारखा वाटतो.

‘च’, ‘तर’, ‘ही’, ‘मात्र’ या छोट्या शब्दांचाही एक मुद्दा. वाचताना आवाज कुठे चढवायचा ते हे सांगतात. ‘पहिल्या तासातच चीक पाजा’ आणि ‘पहिल्या तासात चीकच पाजा’ या दोन वेगळ्या सूचना आहेत, आणि दुसरी शेतकऱ्याला कदाचित गरजेची आहे, कारण काही घरांत वासराला आधी भलतंच काही पाजतात आणि चिकाचा खरवस होतो. दर वाक्यात ‘च’ असेल तर मात्र एकाही ‘च’ला जोर राहत नाही. तुमच्या ‘चिकामधूनच’मधला ‘च’ ‘केवळ’च्या मागोमाग आला आहे. दोन्हींपैकी एक पुरे.

तपासायची माझी रीत सांगते. लेख लिहून झाला की एक रात्र जाऊ द्या. सकाळी उभं राहून मोठ्यानं वाचा, स्वतःच्या बोलण्याच्या वेगानं. जिथे श्वास वाक्याच्या आधी संपेल तिथे बारीक रेघ मारा. जिथे जीभ अडखळेल तिथेही. वाचता वाचता दुरुस्ती करू नका, नाहीतर चाल तुटते आणि पुढचं नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या खेपेला फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द वाचत जा: आहे, आहे, आवश्यक आहे, असते, आहे. ही यादी ऐकली की कुठे हात घालायचा ते कळतं. आणि तुमच्या दवाखान्यात जो मदतनीस आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला द्या. तो शब्द गाळेल, पुन्हा मागे जाईल, किंवा लिहिलेलं सोडून स्वतःच्या शब्दांत म्हणेल. तो जे म्हणेल ते लिहून घ्या. बऱ्याचदा तेच वाक्य हवं असतं.

नाळेच्या परिच्छेदाला मी मुद्दाम हात लावलेला नाही. ‘नाळ कापल्यानंतर त्यावर टिंक्चर आयोडीन लावणे अत्यंत आवश्यक आहे’ इथून तो सुरू होतो आणि पुढची पाच वाक्यं त्याच ठोक्यावर चालतात. त्यातला ‘नाळेतून जंतू आत शिरतात आणि पुढे सांधे सुजतात’ हा तुकडा मला फार चांगला वाटला. चालणारी दोन क्रियापदं आहेत त्यात, आणि का लावायचं ते त्यातच आलं आहे. तो सध्या चौथ्या वाक्यात आहे. तो पहिल्यांदा घेऊन बघा, बाकीचं त्याच्या मागून कसं येतं ते, आणि झालं की पाठवा.